टेलिफोटो लेन्स निवडताना : शार्पपणा नेमका कुठे हरवतो?

पाऊस ओसरला आणि करमळीच्या तळ्यावर अडई व स्थलांतरित बदके उतरू लागली की काठालगत लांबलचक लेन्सही दिसू लागतात. या लेन्समागचे कॅमेरे मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. २०१२ मध्ये निकॉनच्या डी८०० ने ३६ मेगापिक्सेलचा टप्पा गाठला तेव्हा तो अपवाद वाटला होता. आज ४५ मेगापिक्सेलचे कॅमेरे हौशी छायाचित्रकारांच्या हाती आहेत आणि सोनीच्या ए७आर मालिकेत हा आकडा ६१ वर गेला आहे. कॅमेरा बदलल्यानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते : जुन्या कॅमेऱ्यावर उत्तम वाटणारी लेन्स नव्यावर मऊ चित्रे देते. मग लेन्स विकून, वर दीड-दोन लाख रुपये घालून दुसरी घेण्याचा विचार सुरू होतो. पुष्कळदा दुसऱ्या लेन्सनेही तक्रार मिटत नाही, कारण दोष पहिल्या लेन्सचा नव्हताच. म्हणून लेन्सची नावे पाहण्याआधी शार्पपणा कुठे कुठे हरवतो, हे पाहणे खरेदीदाराच्या हिताचे आहे.

पहिला गैरसमज पडद्यावर जन्माला येतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० पिक्सेल रुंद असते. निकॉन डी८५० किंवा झेड८ या कॅमेऱ्यांचे ४५ मेगापिक्सेलचे चित्र ८२५६ पिक्सेल. एकूण पिक्सेल जवळजवळ दुप्पट झाले, तरी रुंदी वाढली ती जेमतेम १.३८ पट. आता हे चित्र संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिले, तर नेहमीच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरच्या हिशेबाने ते सुमारे २.३ मीटर रुंद होते. जुने चित्र १.७ मीटरच्या आत राहत असे. पाहणारा दोन्ही वेळा पडद्यापासून हातभर अंतरावरच बसलेला असतो. जास्त ताणलेले चित्र जास्त मऊ दिसणे स्वाभाविक आहे. दोन्ही चित्रे एकाच आकारात छापून शेजारी ठेवली, तर नवे चित्र जुन्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस निघते. ‘ही लेन्स या सेन्सरला पुरत नाही’ हे दुकानातले आवडते वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. चित्रातला अंतिम तपशील लेन्स आणि सेन्सर या दोहोंनी मिळून ठरतो. त्यातले एक सुधारले तरी निकाल सुधारतो. मात्र दुसरे जितके कमजोर, तितकी ती सुधारणा थोडी.

मेगापिक्सेलपेक्षा पिक्सेलचा आकार पाहावा

लेन्सची खरी परीक्षा मेगापिक्सेलच्या आकड्याने होत नाही, एका पिक्सेलच्या आकाराने होते. डी८५० आणि झेड८ मध्ये हा आकार सुमारे ४.३५ मायक्रॉन आहे. ६१ मेगापिक्सेलच्या सोनीत तो ३.७६ मायक्रॉन आहे. कॅननच्या आर७ मध्ये मेगापिक्सेल केवळ ३२.५, परंतु सेन्सर लहान असल्यामुळे पिक्सेल सुमारे ३.२ मायक्रॉनचाच. त्याच दाटीने फुल फ्रेम सेन्सर भरला तर तो ८३ मेगापिक्सेलचा होईल. म्हणजे कागदावर मध्यम दिसणारा हा कॅमेरा लेन्सकडून ६१ मेगापिक्सेलवाल्यापेक्षाही जास्त मागतो. उलट, २०१६ साली आलेला निकॉन डी५०० ज्यांनी वापरला, त्यांनी २१ मेगापिक्सेलमध्येच जवळपास डी८५० इतके बारीक पिक्सेल हाताळले आहेत. त्यांच्यासाठी ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा लेन्सच्या दृष्टीने नवे संकट आणत नाही.

उत्पादकांच्या संकेतस्थळांवर लेन्सच्या गुणवत्तेचे आलेख असतात. त्यांना एमटीएफ आलेख म्हणतात. मिलिमीटरमध्ये १० आणि ३० रेषाजोड्या असलेली आकृती लेन्स किती ठळकपणे उमटवते, हे ते आलेख दाखवतात. ३० हा आकडा फिल्मच्या काळापासून रूढ झालेला आहे. ४.३५ मायक्रॉनच्या सेन्सरवर अशी एक काळी-पांढरी जोडी जवळजवळ आठ पिक्सेल व्यापते. हा सेन्सर तत्त्वतः मिलिमीटरमध्ये ११५ जोड्यांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे आलेखातली ३० ची रेषा वर असेल तर लेन्स चांगली असण्याची शक्यता मोठी, एवढेच त्यातून समजते. पिसांच्या तंतूंचे काय होईल, ते समजत नाही. शिवाय अनेक कंपन्यांचे आलेख गणिताने काढलेले असतात, प्रत्यक्ष लेन्स मोजून नव्हे. दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून निर्णय घेणे टाळावे.

पक्षी चित्रात किती पिक्सेल व्यापतो?

चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या फांदीवर छोटा खंड्या बसला आहे असे समजू. त्याची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, अंतर २० मीटर. ६०० मि.मी. लेन्स त्याची सेन्सरवर ५.१ मि.मी. लांबीची प्रतिमा पाडते. ४.३५ मायक्रॉनच्या हिशेबाने खंड्याला सुमारे ११७० पिक्सेल मिळतात. त्याच कॅमेऱ्यावर ४०० मि.मी. लेन्स लावली तर ७८० मिळतात. अंतर ४० मीटर झाले तर ६०० मि.मी. लेन्सलाही ५८५ च मिळतात. आता ४०० मि.मी. वाला १५ मीटरपर्यंत जाऊ शकला, तर त्याचे पिक्सेल १०४० होतात. पाच मीटरचे अंतर कापून त्याने लाखभर रुपयांच्या फरकातला बराचसा भाग भरून काढला. अर्थात अभयारण्यात होडी कुठवर न्यायची हे नियम आणि नावाडी ठरवतो, आणि पक्ष्याला उडवून लावून जवळ जाणे हे छायाचित्रण नव्हे.

या गणिताचा उपयोग असा, की कोणते नाभीय अंतर आपल्याला हवे ते नेहमीच्या जागेवरून ठरवता येते. बागेतले, सवयीने धीट झालेले पक्षी टिपणाऱ्याला ४०० मि.मी. पुरते. तळ्याच्या काठावरून मध्यभागी बसलेल्या बदकांसाठी ६०० सुद्धा अपुरी पडते, आणि तिथे ८०० घेऊनही फारसे हाती लागत नाही. त्याचे कारण पुढे येणार आहे.

अ‍ॅपर्चर आणि विवर्तन

प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. परिपूर्ण लेन्सदेखील बिंदूची प्रतिमा बिंदूसारखी पाडू शकत नाही. ती एक छोटी चकती पाडते. तिचा व्यास केवळ अ‍ॅपर्चरच्या आकड्यावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/५.६ ला ती सुमारे ७.५ मायक्रॉनची, एफ/८ ला १०.७ ची, तर एफ/११ ला १४.८ ची होते. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ची चकती अडीच पिक्सेल व्यापते. इथवर परिणाम जेमतेम जाणवतो. एफ/११ ला ती ३.४ पिक्सेलांवर जाते आणि चित्र किंचित सैल पडू लागते. आर७ सारख्या कॅमेऱ्यावर हीच अवस्था एफ/८ लाच येते.

जुना सल्ला असा होता : लेन्स दोन पायऱ्या बंद करा, शार्प होईल. एफ/४ पासून सुरू होणाऱ्या लेन्सला तो आजही लागू पडतो. पण सामान्य अंदाजपत्रकातल्या झूम लेन्स ६०० मि.मी. ला एफ/६.३ पासून सुरू होतात. तिथून दोन पायऱ्या बंद केल्या की एफ/१३ येते, म्हणजे सरळ विवर्तनाच्या हद्दीत. शिवाय खारफुटीच्या सावलीत तेवढा प्रकाशही नसतो. याचा अर्थ असा, की ही लेन्स आयुष्यभर जवळजवळ पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरच वापरली जाणार आहे. उच्च क्षमतेच्या कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो निवडण्याची मुख्य कसोटी म्हणूनच एवढीच आहे : सर्वांत लांब टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, चित्राच्या मध्यभागी ती कशी आहे? एफ/८ ला ती अप्रतिम असल्याचे कौतुक, किंवा १५० मि.मी. ला तिने मिळवलेले गुण, यांना दुय्यम स्थान द्यावे. पक्षी टिपणाऱ्याने कोपऱ्यांच्या शार्पपणाचीही फार चिंता करू नये. तिथे बहुधा धूसर पार्श्वभूमीच असते.

या कसोटीवर बाजारातल्या लेन्सचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. एफ/४ च्या ६०० मि.मी. लेन्स, उदाहरणार्थ सोनीची २०१९ ची किंवा निकॉनची अंगभूत कन्व्हर्टर असलेली, निर्विवाद सर्वोत्तम आहेत. पण त्यांची किंमत चारचाकी गाडीशी बरोबरी करते आणि वजन तीन किलोच्या घरात जाते. दुसरा वर्ग मध्यम अ‍ॅपर्चरच्या, न वाढणाऱ्या नाभीय अंतराच्या, म्हणजे प्राइम लेन्सचा. निकॉनची ५०० मि.मी. एफ/५.६ पीएफ २०१८ मध्ये आली आणि ६०० मि.मी. एफ/६.३ पीएफ २०२३ मध्ये. या दोन्हींचे वजन दीड किलोच्या आसपास आहे आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर त्या उत्तम काम करतात. त्यांच्यातील विशिष्ट वलयांकित भिंगामुळे लेन्स आखूड होते, मात्र चौकटीत किंवा चौकटीलगत प्रखर प्रकाश आला तर रंगीत वलये दिसू शकतात. संध्याकाळी पाण्यावर चमचमणाऱ्या उन्हासमोर याचा विचार करावा लागतो.

बहुतेक वाचकांचा संबंध येतो तो तिसऱ्या वर्गाशी, झूम लेन्सशी. सोनीची २००-६०० (२०१९), कॅननची १००-५०० (२०२०), निकॉनची १८०-६०० (२०२३) या तिन्ही उच्च क्षमतेच्या सेन्सरवर समाधानकारक ठरतात. सोनी आणि निकॉनच्या या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यामुळे तोल ढळत नाही; पण दोन्ही दोन किलोच्या आसपास आहेत. कॅननची लेन्स बरीच हलकी आहे, परंतु ५०० मि.मी. ला तिचे अ‍ॅपर्चर एफ/७.१ होते. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० लेन्सनी दहा वर्षांपूर्वी सामान्य हौशी माणसाला ६०० मि.मी. परवडेल असे केले, हे त्यांचे मोठे श्रेय. त्यांचे लांब टोक मात्र प्रत्येक नगात सारखे नसते. घेण्याआधी तपासणे इथे सर्वाधिक गरजेचे.

टेलिकन्व्हर्टरबद्दल मत सावध असावे. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक पायरी प्रकाश खातो, म्हणजे एफ/६.३ ची लेन्स एफ/९ ची होते आणि विवर्तनाची चकती १२ मायक्रॉनवर जाते. एफ/४ च्या लेन्सवर तो शोभतो. झूमवर, ४५ मेगापिक्सेलचे चित्र कापून मोठे केले तर जे मिळते त्याहून फारसे जास्त मिळत नाही, आणि फोकस मंदावतो तो वेगळाच. कॅननच्या १००-५०० वर कन्व्हर्टर लावल्यास झूम ३०० मि.मी. च्या खाली येतच नाही, ही गोष्ट पुष्कळांना खरेदीनंतर कळते.

हवा, हात आणि फोकसची खोली

लेन्सवर फुटणारे खापर बहुतेक वेळा या तिघांचे असते. त्यातली हवा सर्वांत दुर्लक्षित. उन्हे चढली की खाजनाच्या बांधावरून, डांबरी रस्त्यावरून, तापलेल्या मातीवरून गरम हवेच्या लाटा उठतात. कमी-जास्त तापमानाच्या हवेत प्रकाश वाकतो आणि प्रतिमा थरथरते. ६०० मि.मी. लेन्सवर ४.३५ मायक्रॉनचा एक पिक्सेल २० मीटरवरील सुमारे ०.१५ मि.मी. तपशिलाचा असतो, एवढ्या बारकाव्याला हवेची किंचित हालचालही पुसून टाकते. अंतर वाढेल तसा हा परिणाम वाढत जातो. तळ्याच्या मध्यावरच्या बदकांसाठी ८०० मि.मी. लेन्स घेऊनही निराशा पदरी येते ती यामुळे : लेन्स बदके मोठी करते, तशी थरथरणारी हवाही मोठी करते. अशा वेळी एकाच जागेवरून लागोपाठ घेतलेल्या वीस चित्रांपैकी दोन-तीन बरी आणि बाकीची वेगवेगळ्या तऱ्हेने विस्कटलेली असतील, तर दोष हवेचा समजावा. सदोष लेन्स प्रत्येक चित्र सारखेच बिघडवते. उपाय एकच : सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास. एसी चालू असलेल्या गाडीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढल्यासही आतली थंड आणि बाहेरची उष्ण हवा लेन्ससमोरच मिसळते. गाडी थांबवून एसी बंद करावा व थोडे थांबावे.

हाताच्या कंपनाविषयीचा जुना नियम असा, की शटरचा वेग नाभीय अंतराच्या उलट्या आकड्याइतका हवा, ६०० मि.मी. ला एक सेकंदाचा सहाशेवा भाग. बारीक पिक्सेलना तो अपुरा आहे. स्थिर पक्ष्यासाठी हजाराव्या भागापासून सुरुवात करावी, उडत्यासाठी दोन हजाराव्यापासून. लेन्समधील स्थिरीकरण हाताची थरथर रोखते. वाऱ्याने डोलणारी फांदी किंवा मान वळवणारा पक्षी यांना ते थांबवू शकत नाही. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जाऊन होडीतून फिरणाऱ्याला ट्रायपॉडचा उपयोग नाही. होडीचे हेलकावे त्याच्या पायांतून थेट लेन्सपर्यंत येतात. तिथे हलकी लेन्स आणि वेगवान शटर बरे. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे नंतर संगणकावर पुष्कळसे कमी होतात, हललेले चित्र मात्र सुधारत नाही.

फोकसची खोली हा तिसरा घटक. ६०० मि.मी., एफ/६.३ आणि १० मीटर अंतर असताना शंभर टक्के मोठे करून पाहणाऱ्याच्या कडक निकषाने फक्त सुमारे ३ सेंटिमीटरचा पट्टा खरा शार्प असतो. डोळा त्यात असेल तर शेपूट बाहेर राहणार. फोकस चोचीवर बसला तर डोळाही सुटू शकतो. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत फोकसची वेगळी यंत्रणा असल्याने तो थोडा पुढे-मागे पडण्याची खोड असे आणि प्रत्येक लेन्सकरिता त्याची सूक्ष्म जुळवणी करावी लागे. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस साधतो. उच्च क्षमतेच्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स लावून पुनर्जन्म झाल्यासारखी वाटते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

समोरच्या संरक्षक फिल्टरचाही उल्लेख हवा. पाचशे रुपयांची सपाट नसलेली काच दोन लाखांच्या लेन्ससमोर बसवली की लांब टोकाला चित्रे मऊ पडतात. शंका आली की सर्वप्रथम फिल्टर काढून पाहावा.

घेण्याआधीची तपासणी

एकाच नावाच्या दोन लेन्स सारख्या नसतात. आतील एखादे भिंग किंचित तिरके बसले असेल तर चित्राची एक बाजू मऊ येते. तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताणून चिकटवावे. देवनागरीची शिरोरेखा, काना-मात्रा आणि अनुस्वाराचे टिंब यांच्याइतके सोयीचे लक्ष्य शोधून सापडणार नाही. सकाळच्या उजेडात, १० ते १५ मीटरवरून, कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर ठेवून, स्थिरीकरण बंद करून आणि दोन सेकंदांच्या टायमरने चित्रे घ्यावीत. आधी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, मग एफ/८ वर. प्रत्येक वेळी फोकस नव्याने साधावा आणि तीन-चार चित्रांतले उत्तम तेच धरावे. त्यानंतर चौकट सरकवून तेच पान चारही कोपऱ्यांत आणावे. मध्यभागी उघडे अ‍ॅपर्चर आणि एफ/८ यांत नगण्य फरक असेल, तर लेन्स घेण्याजोगी आहे. एक कोपरा इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे मऊ असेल तर नग बदलून मागावा. काळ्या अक्षरांच्या कडांना जांभळी-हिरवी झालर दिसली तर रंगदोष आहे. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यांच्या कडांवर तो त्रास देतो. हा दोष आटोक्यात ठेवण्यासाठी फ्लोराइट किंवा ईडी काच वापरली जाते. कॅननने कृत्रिम फ्लोराइटचे भिंग ३०० मि.मी. लेन्समध्ये प्रथम आणले ते १९६९ मध्ये. लेन्सच्या नावातली ही अक्षरे शोभेची नसतात, पण ती असली म्हणजे दोष नाहीच, असेही समजू नये.

वापरलेली लेन्स घेणारांसाठी कोकण-गोव्याच्या हवेत आणखी एक परीक्षा आहे, आणि ती चुकवल्यास बाकी सारी तपासणी वाया जाते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बंद पेटीतल्या लेन्सला बुरशी धरायला तेवढे पुरते. लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून टॉर्चचा झोत टाकावा व पुढून तिरक्या कोनातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुक्यासारखा थर दिसला तर सौदा सोडावा. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात. बुरशी मात्र भिंगावरचा लेप कायमचा खाऊ शकते आणि मोठ्या झूमची सफाई करायची म्हणजे ती पूर्ण उघडावी लागते. विक्रेत्याने ती मूळ चामड्याच्या किंवा कापडी पेटीत जपून ठेवल्याचे अभिमानाने सांगितले, तर शंका अधिकच घ्यावी; अशा पेट्या ओलावा धरून ठेवतात. समुद्रकाठी वापर झाला असेल तर माउंटवरचे स्क्रू आणि धातूची कडी गंजली आहे का, तेही पाहावे.

लेन्स घरी आल्यावर ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे विजेवरचे कोरडे कपाट सर्वांत सुरक्षित. लेन्सच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. तेही जमत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ एवढ्यावर भागते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र करू नये; तांदळाची भुकटी झूमच्या फटीतून आत जाते. एसीच्या खोलीतून लेन्स थेट दमट अंगणात काढली तर काच आतून-बाहेरून घामेजते, म्हणून अर्धा तास ती बॅगेतच बंद राहू द्यावी. सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात. स्वयंपाकाचा तवा मात्र यासाठी वापरू नये.